टॉल युनिटमधला डबल ओव्हन: जुन्या पाइपात नवी वायर का घातली नाही

पार्श्वभूमी

एका राहत्या घरात स्वयंपाकघराचं नूतनीकरण चालू होतं. ओट्यावरचा छोटा ओव्हन काढून टॉल युनिटमध्ये, म्हणजे उंच उभ्या कपाटात, दोन कप्प्यांचा बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन बसवायचा होता. घराला २३० व्होल्टची सिंगल फेज जोडणी, मेन स्विच ६३ अँपिअरचा. डीबी, म्हणजे घरातली सगळी सर्किटं जिथून निघतात तो बॉक्स, मुख्य दाराजवळ. तिथून फॉल्स सीलिंगवरून स्वयंपाकघरात आणि मग खाली ओव्हनपर्यंत वायरची वाट १८ मीटर भरत होती.

स्वयंपाकघरात आधीची दोन सर्किटं होती. एक २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचं, २० अँपिअरच्या एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). जुन्या ओव्हनचं १६ अँपिअरचं सॉकेट, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर, सगळं त्याच्यावरच. दुसरं इंडक्शन हॉबचं: ६ स्क्वेअर एमएम, ३२ अँपिअरचा एमसीबी, स्वतंत्र २५ मिलिमीटर पाइप. हॉब ७.२ किलोवॉटचा होता आणि तोच ठेवायचा होता.

कामाशी संबंध असलेले चौघे: घरमालक, कंत्राटदार, मॉड्युलर किचनवाला आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिशियनला बोलावणं गेलं तेव्हा टाइल्स लागून झाल्या होत्या, टॉल युनिटचा सांगाडा उभा होता आणि ओव्हन अजून खोक्यात होता. पुढचा बराचसा गुंता या उलट्या क्रमामुळे झाला.

अडचण

किचनवाल्याच्या नकाशात ओव्हनपुढे '१६ अँपिअर पॉइंट' एवढंच लिहिलेलं होतं. एका कप्प्याच्या साध्या ओव्हनला अनेकदा तेवढं पुरतं, त्यामुळे नकाशात ती ओळ सवयीनेच येते. या ओव्हनच्या रेटिंग प्लेटवर मात्र ५.९ किलोवॉट छापलेलं होतं. ही प्लेट बहुधा दाराच्या आतल्या चौकटीवर असते, ओव्हन बसवल्यावरही दार उघडून वाचता येते. ५९०० भागिले २३० म्हणजे २५.६५ अँपिअर. सोळाच्या प्लगटॉपचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

दुसरी अडचण जागेची. पॉइंट ओव्हनच्या बरोब्बर पाठीमागे काढला होता. बिल्ट-इन ओव्हनच्या खाचेची रुंदी साधारण ५६० मिलिमीटर असते आणि खोलीही जेमतेम तेवढीच. मागे सोडलेली फट हवा खेळण्यासाठी असते. तिथे सॉकेटचा बॉक्स आला की ओव्हन पूर्ण आत जात नाही, पुढची पट्टी शटरच्या रेषेबाहेर राहते. मग कोणीतरी जोर लावून तो आत ढकलतो आणि केबल ओव्हनच्या गरम पाठीवर दाबली जाते. शिवाय सॉकेट ओव्हनच्या मागे असेल तर वीज तोडायला आधी ओव्हनच बाहेर काढावा लागतो.

तिसरी अडचण वायरच्या वाटेची. टाइल्स लागलेल्या असल्याने झिरी मारायला कोणीच तयार नव्हतं. कंत्राटदाराचं म्हणणं सरळ होतं: "हॉबच्या पाइपात अजून तीन वायरी आरामात जातील. भिंत कशाला फोडायची?" वायरी खरंच आरामात गेल्या असत्या.

पर्याय

तपासायचा नियम एकच होता. लोडचा करंट एमसीबीच्या आकड्यापेक्षा जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा त्या जागी, त्या गरमीत आणि त्या शेजारात वायर जेवढा करंट सोसते त्यापेक्षा जास्त नको. म्हणजे एमसीबी या दोन आकड्यांच्या मधे बसला पाहिजे.

वायरची कोष्टकातली क्षमता ३० अंश सेल्सिअस तापमान आणि पाइपात एकच सर्किट असं गृहीत धरून दिलेली असते. भिंतीवरच्या पाइपात पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या वायरी असतील, तर २.५ स्क्वेअर एमएमला २४ अँपिअर, ४ ला ३२, ६ ला ४१ आणि १० ला ५७. फॉल्स सीलिंगवरची पोकळी आणि ओव्हनच्या आसपासची जागा ३० अंशांवर राहत नाही. इलेक्ट्रिशियनने ४० अंश धरले. त्याचा गुणक ०.८७. एकाच पाइपात दोन भरलेली सर्किटं असतील तर त्यावर आणखी ०.८० हा शेजाराचा गुणक लागतो.

जुन्या २.५ च्या वायरीला जोड देऊन ओव्हन चालवण्याची कल्पना या हिशोबात लगेच पडली: २४ गुणिले ०.८७ म्हणजे २०.९ अँपिअर. लोडच २५.६५.

४ स्क्वेअर एमएमवर सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण कोष्टकात तिच्यापुढे ३२ असा आकडा दिसतो. स्वतंत्र पाइपातही तिचे ४० अंशांना २७.८ उरतात. एमसीबी २५.६५ आणि २७.८ यांच्या मधला हवा. बाजारात २० मिळतो, २५ मिळतो, ३२ मिळतो. मधला मिळत नाही. २५ घातला तर लोड त्याच्या वर जातो. ३२ घातला तर वायर तापली तरी एमसीबी पडणार नाही, कारण त्याला रक्षण करायचंय ती वायर त्याच्याहून अशक्त आहे. दिसायला पुरेशी असलेली ही वायर अशी बाद झाली.

६ स्क्वेअर एमएम हॉबच्याच पाइपातून नेली तर ४१ गुणिले ०.८७ गुणिले ०.८०, म्हणजे २८.५. पुन्हा तीच कोंडी, २५.६५ ते २८.५ मधे एमसीबी नाही. आणि खरी अडचण पुढेच होती. शेजाराचा गुणक एकट्या नव्या वायरीला लागत नाही, तो त्या पाइपातल्या दोन्ही सर्किटांना लागतो. हॉबची वायर एकटी असताना ३५.७ अँपिअर सोसत होती आणि ३२ चा एमसीबी तिला शोभत होता. ओव्हनची वायर आत शिरल्यावर तिचीही क्षमता २८.५ वर आली असती. म्हणजे इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं हॉबचं सर्किट कोणी हातही न लावता नियमात बसेनासं झालं असतं. ओव्हनला १० स्क्वेअर एमएम घातल्याने ओव्हनपुरता प्रश्न मिटतो, ५७ चे ३९.७ होतात, हॉबचा मिटत नाही.

६ स्क्वेअर एमएम आणि स्वतंत्र पाइप: ३५.७. इथे ३२ चा एमसीबी बसतो. व्होल्टेज ड्रॉपही पाहिला. ६ स्क्वेअर एमएमला दर अँपिअर दर मीटर ७.३ मिलिव्होल्ट, २५.६५ अँपिअरला आणि १८ मीटरला ३.४ व्होल्ट, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. इतक्या कमी अंतरावर ड्रॉपमुळे निर्णय बदलणार नव्हता, पण तपासायला दोन मिनिटं लागतात.

एक पर्याय ओव्हन बदलण्याचाही होता. साडेतीन किलोवॉटचा एक कप्प्याचा ओव्हन १५.२ अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र पाइपातली ४ स्क्वेअर एमएम वायर आणि २० चा एमसीबी पुरला असता. घरमालकांना दोन कप्पेच हवे होते आणि ओव्हन घेऊन झाला होता. खोकं उघडलेलं नसताना हा प्रश्न मोकळेपणाने विचारला गेला, हे बरंच झालं.

निर्णयाचा मुद्दा: डायव्हर्सिटी कुठे लावायची

कंत्राटदाराच्या ओळखीच्या दुसऱ्या वायरमनने हरकत घेतली: ओव्हन काही सतत पूर्ण लोडवर चालत नाही, थर्मोस्टॅट बंद-चालू करत राहतो, मग एवढी जाड वायर कशासाठी? हरकत पोकळ नव्हती. घरगुती स्वयंपाकाच्या उपकरणांसाठी डायव्हर्सिटीचा, म्हणजे सगळा लोड एकाच वेळी येत नाही हे धरणारा, एक हिशोब रूढ आहे: पहिले १० अँपिअर पूर्ण धरायचे आणि उरलेल्याचे ३० टक्के. या ओव्हनला तो लावला तर १० अधिक १५.६५ चे ३० टक्के, म्हणजे १४.७ अँपिअर. यावरून त्याचं म्हणणं पडलं की ४ ची वायर आणि २० चा एमसीबी भरपूर झाला.

हा हिशोब इलेक्ट्रिशियनने मान्य केला, पण मेन स्विचपुरता. ओव्हनचे १४.७, हॉबचे त्याच रीतीने १६.४, पाणी तापवायच्या ३ किलोवॉटच्या हीटरचे पूर्ण १३ आणि बाकी घराचे १० धरले तर बेरीज ५४ च्या आसपास येते. ६३ चा मेन स्विच पुरतो, मुख्य जोडणी वाढवायची गरज नाही. नुसती बेरीज केली असती तर आकडा ८० वर गेला असता आणि विनाकारण मोठ्या जोडणीच्या मागे लागावं लागलं असतं.

ओव्हनच्या स्वतःच्या सर्किटला मात्र हा हिशोब लावला नाही. दोन्ही कप्पे एकदम तापवायला घेतले की सुरुवातीचा बराच वेळ सगळी एलिमेंट्स चालू असतात. पायरोलिटिक सफाई (खूप तापवून आतली घाण जाळणारी) असलेल्या ओव्हनमध्ये तर जास्त लोड तास-दोन तास टिकतो. २० अँपिअरच्या एमसीबीवर २५.६५ म्हणजे १.२८ पट. घरगुती एमसीबी १.१३ पटीला तासभर पडायचा नसतो आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. १.२८ पट नेमकी मधल्या पट्ट्यात येते, पडेल किंवा पडणारही नाही. असं सर्किट एखाद्या दिवशी पाहुणे आलेले असताना अर्ध्या बेकिंगला पडतं, दुसऱ्या दिवशी व्यवस्थित चालतं, आणि मग दोष ओव्हनवर येतो.

एकच उपकरण असलेल्या सर्किटला पूर्ण करंट धरायचा, डायव्हर्सिटी वरच्या टप्प्याला लावायची, असं ठरलं.

काम

नव्या पाइपासाठी झिरी मारायची वेळ आली नाही. टॉल युनिट आणि बाजूच्या भिंतीमध्ये ७० मिलिमीटरची फट होती, पुढून फिलर पट्टीने झाकली जाणारी. फॉल्स सीलिंगवरून आलेला २५ मिलिमीटरचा पाइप त्या फटीतून भिंतीवर सॅडलने धरत खाली आणला. फट बंद होण्याआधी आणि नंतर फोटो काढले, मोजायची टेप लावून.

फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही ६ स्क्वेअर एमएमच्या. मधे कुठेही जोड नाही. पाइपात बेंड तीनच. चौथा लागला असता तर मधे पुल बॉक्स घ्यावा लागला असता.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच, म्हणजे डबल पोल आयसोलेटर, ओट्यावरच्या भिंतीत, टॉल युनिटच्या कडेला, उभ्या उभ्या हात पोहोचेल असा घेतला आणि त्यावर 'ओव्हन' असं लेबल लावलं. सिंगल पोल स्विच इथे चालत नाही. फेज-न्यूट्रल कधी चुकून उलटं झालं तर स्विच बंद करूनही एलिमेंटला फेज राहतो. आयसोलेटरपासून पुढचा केबल आउटलेट ओव्हनच्या मागे न घेता खालच्या ड्रॉवरच्या मागे घेतला. ड्रॉवर काढला की तो समोर येतो.

आउटलेटपासून ओव्हनपर्यंत ३ कोअर, ६ स्क्वेअर एमएमची उष्णतारोधक लवचीक केबल, ९० अंशांना चालणारी. साधी पीव्हीसी ७० अंशांची असते आणि ओव्हनच्या पाठीशी ती काही वर्षांत कडक होऊन तडकते. लांबी दीड मीटर ठेवली, म्हणजे ओव्हन बाहेर सरकवून स्टुलावर ठेवता येतो. उरलेली केबल गुंडाळी न करता खालच्या कप्प्यात सैल सोडली. गुंडाळी आपलीच उष्णता धरून ठेवते.

लवचीक केबलची तारं बारीक असतात. स्क्रूखाली ती थेट दाबली की काही बाहेर निसटतात, काही तुटतात. म्हणून प्रत्येक टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून क्रिम्प केली. काही जण अशा टोकांना सोल्डर चढवतात. ते टाळायचं, कारण सोल्डर स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि वर्षभरात जोड सैल होतो. सैल जोडाची किंमत अशी: जोडाचा रेझिस्टन्स फक्त ५० मिलिओहम असला तरी २५.६५ अँपिअरला तिथे ३३ वॉट उष्णता निर्माण होते. प्लास्टिकच्या टर्मिनलमध्ये चालू सोल्डरिंग आयर्न खुपसून ठेवल्यासारखंच ते. टर्मिनलचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने, उत्पादकाने दिलेल्या आकड्यालाच आवळले आणि प्रत्येक वायर ओढून पाहिली.

डीबीत ३२ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीबीओ घेतला. तो एमसीबीचं काम करतो, शिवाय अर्थकडे करंट गळू लागला तरी पडतो. आधी ओव्हन सगळ्या घराच्या एकाच आरसीसीबीखाली, म्हणजे फक्त गळती ओळखणाऱ्या स्विचखाली, घ्यायचा विचार होता. गरम होणाऱ्या उपकरणांना थोडीफार गळती असतेच, आणि एका आरसीसीबीखाली अशी चार-पाच उपकरणं आली की बेरीज वाढत जाते. शिवाय ओव्हनने सर्किट पाडलं की फ्रीजही बंद. स्वतंत्र आरसीबीओमुळे पुढे जे घडलं ते शोधणं सोपं गेलं.

कर्व्ह, म्हणजे आरसीबीओ किती पट करंटला लगेच तुटेल तो प्रकार, निवडताना मोजमाप कामाला आलं. ओव्हनच्या टोकाला अर्थ लूप इम्पिडन्स, म्हणजे फॉल्टच्या करंटला अर्थमधून परत जाताना पूर्ण वाटेत होणारा अडथळा, ०.६१ ओहम मिळाला. बी कर्व्ह पाचपट करंटला लगेच तुटतो, म्हणून ३२ ला मर्यादा १.४४ ओहम, सी कर्व्ह दहापटीला, मर्यादा ०.७२. वरवर दोन्ही चालतात. पण मोजणी थंड वायरीची असते, तापल्यावर रेझिस्टन्स वाढतो, म्हणून थंड मोजणी मर्यादेच्या ८० टक्क्यांत हवी: बी साठी १.१५, सी साठी ०.५७६. सी तिथे बसला नाही. अर्थ फॉल्टला ३० मिलिअँपिअरचा भाग आधी तुटतो हे खरं. पण एलिमेंटचा लोड काही मोटरसारखा सुरुवातीला झटका देत नाही, मग सी कशाला? बी घेतला. घराचं अर्थिंग फक्त जमिनीतल्या इलेक्ट्रोडवर असतं तर हा आकडा कितीतरी मोठा आला असता आणि गळती ओळखणाऱ्या भागाशिवाय मार्गच उरला नसता.

ओव्हन जोडण्याआधी मेन स्विच बंद, कुलूप, टेस्टरने नव्हे तर दोन टोकांच्या व्होल्टेज इंडिकेटरने सर्किटमध्ये वीज नसल्याची खात्री, मग कंटिन्युइटी (तार अखंड आहे ना) आणि ५०० व्होल्टने मेगर, म्हणजे इन्सुलेशनची चाचणी. इन्सुलेशन २०० मेगाओहमच्या वर. डीबी ते ओव्हन फेज आणि अर्थ वायरींचा मिळून रेझिस्टन्स हिशोबाने ०.११ ओहम यायला हवा होता, ०.१२ आला. गळती हळूहळू वाढवायच्या रॅम्प चाचणीत आरसीबीओ २२ मिलिअँपिअरला पडला.

पहिल्यांदा चालू केल्यावर

डिस्प्ले लागला, दिवे लागले, वरचा कप्पा तापला. खालचा थंड.

असे मोठे ओव्हन सिंगल फेज आणि थ्री फेज दोन्हींवर चालावेत म्हणून टर्मिनल ब्लॉकवर फेजचे तीन आणि न्यूट्रलचे दोन खिळे दिलेले असतात. सिंगल फेजसाठी ते तांब्याच्या छोट्या पट्ट्यांनी आपसात जोडायचे असतात. आकृती मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते आणि पट्ट्या माहितीपत्रकाच्या पिशवीत सुट्या येतात. इथे पिशवी किचनवाल्याने पॅकिंगबरोबर बाजूला ठेवली होती. ओव्हन बाहेर काढून, वीज तोडून पट्ट्या लावल्या आणि खालचा कप्पा तापायला लागला.

वीसेक मिनिटांनी आरसीबीओ पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा पडला, या वेळी लवकर.

इथे दोन चुकीच्या वाटा समोर असतात आणि घाईत त्या वापरल्या जातात. एक, आरसीबीओ काढून साधा एमसीबी लावणं. दुसरी, ओव्हनचा अर्थ सोडणं. दोन्हींनी सर्किट 'पडायचं' थांबतं. दुसरीत ओव्हनचा धातूचा सांगाडाच जिवंत होऊ शकतो आणि उघड्या दाराला हात लावणाऱ्यातून करंट जमिनीत जातो. घरमालकांनी विचारलं, "तात्पुरता साधा एमसीबी लावून चालवता येईल का?" इलेक्ट्रिशियनने नकार दिला आणि ओव्हन बंद ठेवला.

शोध असा घेतला. आयसोलेटर बंद करून सर्किटचं मेगर पुन्हा घेतलं: आधीइतकंच चांगलं, म्हणजे वायरिंग निर्दोष. डीबीत ओव्हनचा न्यूट्रल आरसीबीओच्याच टर्मिनलमध्ये आहे ना, ते पाहिलं. तो चुकून सामायिक न्यूट्रल पट्टीवर गेला असेल तर लोड येताक्षणी आरसीबीओ पडतो. वीस मिनिटं थांबत नाही. मग ओव्हनची फेज-न्यूट्रल टोकं एकत्र करून अर्थशी २५० व्होल्टने मोजलं. इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या उपकरणावर फेज-न्यूट्रलमध्ये मेगर लावायचा नसतो. ओव्हन गरम असतानाच मोजल्यामुळे ९ किलोओहम मिळाला. २३० भागिले ९००० म्हणजे ढोबळमानाने २५ मिलिअँपिअर, आणि हा आरसीबीओ २२ ला पडतो हे माहीत होतं. एकेक एलिमेंट सोडून पाहिलं तेव्हा दोष खालच्या कप्प्याच्या तळाच्या एलिमेंटमध्ये निघाला.

एलिमेंटच्या नळीत तार आणि बाहेरचं आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती ओलावा शोषते. टोकांचं सील पूर्ण घट्ट नसेल आणि ओव्हन दमट जागी महिनोन्‌महिने पडून असेल तर पुडीत पाणी जातं. नूतनीकरण लांबल्याने हे खोकं बराच काळ बांधकामाच्या सामानात, ताज्या प्लास्टरच्या खोलीत होतं. थंड असताना गळती कमी दिसते. एलिमेंट तापू लागलं की ओलावा आतून टोकांकडे सरकतो आणि नेमकी तिथे गळती वाढते. म्हणून लगेच न पडता वीस मिनिटांनी पडतो. ओव्हन पूर्ण थंड झाल्यावर त्याच एलिमेंटचं माप ०.३ मेगाओहम आलं. थंड असतानाच मोजलं असतं तर आरसीबीओ पाडण्याइतकी गळती दिसली नसती.

उपाय सुकवण्याचा. तळाच्या एलिमेंटची टोकं सोडून इन्सुलेट केली, मागच्या पंख्याभोवतीच्या एलिमेंटवर कप्पा १०० अंशांवर दोनेक तास ठेवला, अधूनमधून दार उघडून वाफ जाऊ दिली. थंड झाल्यावर तळाचं एलिमेंट ३ मेगाओहम. जोडून ५०, १००, मग २०० अंश असं टप्प्याने चढवलं. आरसीबीओ पडला नाही. दुसऱ्या दिवशी माप २० मेगाओहमच्या वर गेलं होतं. सुकवूनही माप खालीच राहिलं असतं तर एलिमेंट बदलण्याला पर्याय नव्हता.

परिणाम

दोन्ही कप्पे पूर्ण लोडवर असताना क्लॅम्प मीटरवर २५.२ अँपिअर, ओव्हनपाशी व्होल्टेज २२६. डीबी ते ओव्हन ड्रॉप ३ व्होल्ट, हिशोबापेक्षा थोडा कमी, कारण कोष्टकातला आकडा ७० अंशांच्या तारेचा असतो. तासाभराने आरसीबीओचे आणि आयसोलेटरचे टर्मिनल इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले. दोन्हीकडे तापमान सारखं, कुठे एकच स्क्रू वेगळा तापलेला नाही. हॉब आणि ओव्हन एकदम चालवूनही मेन स्विच शांत.

एक माप मात्र अपेक्षेपेक्षा वर आलं. टॉल युनिटशेजारच्या फटीत, पाइपाच्या अंगाला, दोन्ही कप्पे २२० अंशांवर तासभर चालल्यावर ४३ अंश. हिशोब ४० वर केला होता. ४५ अंशांचा गुणक ०.७९ लावला तर ४१ चे ३२.४ होतात, ३२ चा एमसीबी अजूनही आत आहे, पण अगदी कडेला. फिलर पट्टीला वर आणि खाली जाळीचे झरोके पाडले आणि पुन्हा मोजलं तेव्हा ३९ आलं.

वेगळं काय करता आलं असतं

रेटिंग प्लेटचा फोटो आणि ओव्हनच्या माहितीपत्रकातलं बसवण्याचं पान इलेक्ट्रिशियनच्या हातात टाइल्सच्या आधी पडायला हवं होतं. किचनवाल्याच्या नकाशावर '१६ अँपिअर पॉइंट' ऐवजी किलोवॉट लिहिलं असतं तरी निम्मा घोळ टळला असता. ओव्हन ठरलेला नसेल तर निदान रिकामा २५ मिलिमीटर पाइप, आत ओढतार घालून, डीबीपासून टॉल युनिटच्या कोपऱ्यापर्यंत सोडून ठेवायचा. पाइप टाकायला प्लास्टरआधी तासभर लागतो. इथे फट सापडली म्हणून निभावलं. टॉल युनिट भिंतीला चिकटून असतं तर टाइल्सची एक उभी ओळ गेलीच असती.

फटीतल्या शेवटच्या टप्प्याला पीव्हीसीऐवजी ९० अंश क्षमतेच्या इन्सुलेशनची वायर घेता आली असती. तसं केल्यास दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डीबी आणि आयसोलेटरचे टर्मिनल बहुधा ७० अंशांसाठीच असतात, त्यामुळे ९० च्या कोष्टकातली पूर्ण क्षमता वापरायची नाही; आणि मधे जोड येऊ नये म्हणून पूर्ण १८ मीटर तीच वायर ओढायची.

ओव्हन साइटवर आणायची घाईही नडली. जागा सुकी नसेल तर खोकं दुकानातच राहू द्यायचं. आधीच आणलं असेल तर बसवण्यापूर्वी एलिमेंटचं मेगर घेऊन माप लिहून ठेवायचं. एक मेगाओहमच्या खाली आलं तर पहिल्याच दिवशी दोनशे अंशांवर न जाता कमी तापमानाला सुकवून घ्यायचं. पट्ट्यांची पिशवी खोकं उघडताक्षणी टर्मिनलच्या झाकणालाच टेपने चिकटवून ठेवायची.

टर्मिनलच्या स्क्रूंची फेरतपासणी वापर सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ठेवली आहे. तापणं आणि थंड होणं यांच्या फेऱ्यांत सैल होणारा जोड तोवर सैल झालेला असतो. त्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी आयसोलेटरच्या झाकणाआड कागदावर लिहून ठेवल्या: आरसीबीओचा क्रमांक, आवळण्याचा टॉर्क आणि पहिल्या दिवशीचं लूप इम्पिडन्स, ०.६१.